पाठमोऱ्या मुलीच्या कानामागे

मित्रांनो, कानामागे बसून दुसऱ्यासाठी ऐकणारे मी एक जुने यंत्र आहे. माझा आकार शेंगदाण्याच्या शेंगेएवढा आणि रंग निळा. तो रंग एका लहान मुलीने निवडला होता. आता तो कडांना उडाला आहे.

माझे काम सांगायला सोपे आहे. माझ्या अंगावर एक बारीक छिद्र आहे. त्यातून आवाज आत येतो, त्याची वीज होते, ती वीज वाढते आणि दुसऱ्या टोकाला तिचा पुन्हा आवाज होतो. तिथून एक मऊ नळी तो आवाज कानात नेऊन सोडते. आत आलेला आवाज मायेचा आहे की टोचणारा, हे मला कळते. पण कळून उपयोग नाही. चाळणी पीठ खाली सोडते आणि कोंडा अडवते, तसे मला शब्दांचे करता येत नाही. मला आवाज वाढवायचे बटण आहे, काय वाढवायचे हे ठरवायचे बटण नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. भिंगाखाली मान वाकवून बसलेल्या बायकांनी केसाएवढ्या तारा माझ्यात जोडल्या. मग मला एका गादी लावलेल्या पेटीत बंद करून बारीक-मोठे स्वर ऐकवले. पेटी उघडली तेव्हा तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "पास," आणि त्यांनी मला ट्रेमध्ये टाकले. मी ऐकलेला माणसाचा तो पहिला शब्द. मला वाटले, बाहेर सगळे असेच बोलत असतील.

मी ज्या मुलीकडे गेलो तिला घरात मुंगी म्हणत. ती दिवसभर घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेत असे, आणि तेही चिडीचूप, म्हणून बाबांनी ठेवलेले नाव. बाबांचे किल्ल्या बनवायचे दुकान होते. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे घर. घरात आई आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे मुंगीची आत्या.

माझ्या आधी मुंगी ओठ वाचत असे. तिच्याशी बोलायचे तर खांद्यावर टिचकी मारायची, समोर यायचे, ओठ रुंद करून बोलायचे. आणि जे तिच्यासाठी नाही, ते तिच्या पाठीमागे खुशाल मोठ्याने बोलायचे. कुजबुजायची गरजच नव्हती. ही सवय सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की मी आल्यावर ती मोडायला हवी, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

आईने मात्र माझी निगा फार नेटाने राखली. रात्री मला ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवायची, नळीतले पाण्याचे थेंब फुंकून काढायची. सकाळी डॉक्टरांसारखी नळी स्वतःच्या कानात घालून, तिचे दुसरे टोक मला लावून, आधी स्वतः ऐकायची. मग मला मुंगीच्या कानामागे बसवून तिच्या खुर्चीमागे उभी राहायची आणि म्हणायची, "आ... ई... ऊ... म... श... स." मुंगीला आई दिसत नसे. आवाज ऐकला की तिने टाळी वाजवायची. 'स' सर्वांत नाजूक, तो कधी कधी निसटे. उरलेले सगळे ती झेलायची.

म्हणजे पाठीमागून बोललेले मुंगीला ऐकू येते, याची परीक्षा आई रोज घेत होती. आणि मुंगी रोज पास होत होती. तरी खुर्चीमागून दोन पावले दूर होताच आई ते विसरून जायची.

एके वर्षी शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरले. मुंगीने बाबांबरोबर लाकडाचे मोठे कुलूप बनवायला घेतले, एका बाजूने उघडे, म्हणजे किल्ली फिरताना आत काय सरकते ते दिसावे. कुलपाशेजारी उभे राहून पाहुण्यांना ते समजावूनही तिलाच सांगायचे होते. ती दुकानात गल्ल्यामागे बसून सराव करी. "किल्ली आत गेली की खिळे वर सरकतात." 'स' मला नीट पोहोचवता येत नसे, म्हणून तो तिच्या तोंडीही बसत नसे. शब्द घसरायचा. ती पुन्हा म्हणायची. बाबा किल्ली घासता घासता ऐकायचे. वाहवा नाही, काही नाही. फक्त विचारायचे, "कुठे अडतंय?" मुंगी सांगायची. "मग तेवढंच परत घे," म्हणून ते पुन्हा कानस चालवू लागत.

प्रदर्शनाच्या आठवड्यातली गोष्ट. मुंगी जमिनीवर बसून कुलपाचे खिळे बसवत होती, स्वयंपाकघराकडे पाठ करून. आत आई भांडी विसळत होती, आत्या पुसत होती.

"वहिनी, खरंच उभं करणार हिला सगळ्यांसमोर?" आत्या म्हणाली.

"तेच डोक्यात घोळतंय हो, ताई."

"घरात आपल्याला कळतं ती काय म्हणते ते. बाहेरच्यांना काय डोंबल कळणार? दोन पोरं फिसकन हसली की झालं."

"तिच्याच्यानं नाही व्हायचं ते," आई म्हणाली. "बिचारीला उगाच तोंडघशी पाडायचं. उद्या शाळेत जाऊन सांगते, कुलूप हिचं असू दे, बोलायला दुसरं कोणी घ्या."

मित्रांनो, भांडी वाजत होती, तरी आईचा आवाज मी त्यातून स्वच्छ वर उचलला. मला तसेच बनवले होते. मुंगीच्या बोटातला खिळा हातातच राहिला. कानामागे बसलेला मी, तिच्या मानेची शीर उडताना मला जाणवत होती. त्या क्षणी माझा सेल संपला असता तर! नळीत पाणी साचले असते तर! पण आईने सकाळीच मला लख्ख करून ठेवले होते.

मग आई हात पुसत बाहेर आली. मुंगीच्या खांद्यावर टिचकी मारली, समोर बसली आणि ओठ रुंद करून म्हणाली, "छान जमलंय हं! माझी हुशार मुंगी!"

मुंगीने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले. आईच्या दोन्ही बोलण्यांत प्रेम होते, हे मी शपथेवर सांगेन. पण लहान मुलीने त्यातले कोणते खरे मानायचे? तिने पाठीमागचे खरे मानले.

प्रदर्शनात वर्गातली दुसरी एक मुलगी घडाघडा बोलली. मुंगी शेजारी उभी राहून नुसती किल्ली फिरवत होती. सगळ्यांनी कौतुक केले. घरी येताना आई म्हणालीसुद्धा, "बघ, किती छान झालं सगळं!"

दुसऱ्या दिवसापासून मुंगीने मला घालणे सोडले. कोणी विचारले की कानाकडे बोट करून मान हलवायची, सेल संपला म्हणून. आई नवा सेल घालायची, दप्तराच्या खिशात मी पुन्हा बंद. पेन्सिलींच्या शेजारी पडून मी काय करणार? बोलणेही तिने कमी केले. हवे ते बोटाने दाखवी. दुकानात बाबा विचारत, "कुठे अडतंय?" तर खांदे उडवी. बाबांचा चेहरा पडे, पण पुढे काय विचारावे हे त्यांना सुचत नसे. 

शेवटी आई तिला कान तपासणाऱ्या मॅडमकडे घेऊन गेली. आत्याही बरोबर होती.

मॅडमनी मला पेटीत घालून तपासले. "यंत्र ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या.

"मग ऐकत का नाही? बोलत का नाही?" आईचा आवाज चिरकला.

"तुम्हीच ऐकून बघा." मॅडमनी ती तपासायची नळी आईला दिली. आई खिडकीजवळच्या स्टुलावर बसली, दाराकडे पाठ करून. नळी तिच्या कानात, मी तिच्या तळहातावर. मुंगी कोपऱ्यात खेळण्यांपाशी होती. मॅडम दाराजवळ आत्याशी बोलू लागल्या. "घरी कशी असते हो?"

आत्याने एकवार आईच्या पाठीकडे पाहिले आणि आवाज जरासा खाली आणला. "आता काय सांगू मॅडम, आमच्या वहिनींचंच चुकतं. पोरीला कोणी काही विचारलं की या उत्तर देऊन मोकळ्या. शिकवायचं कसं ते त्यांना जमतच नाही. पण त्यांना बोलायची सोय आहे का?"

मी ते नेहमीप्रमाणे उचलले, वाढवले आणि आईच्या कानात सोडले.

आईचा तळहात घामाने ओला झाला.  तिने नळी काढली आणि म्हणाली, "ताई, मला ऐकू आलं."

"अगं बाई!" आत्याने जीभ चावली. "तुमची पाठ होती ना इकडे, मला वाटलं..."

"मलाही असंच वाटायचं," आई म्हणाली.

ती उठून मुंगीसमोर जाऊन बसली. या वेळी ओठ रुंद करायचेही तिला भान नव्हते. "मुंगे, मी मागून बोलायचे ते तुला ऐकू यायचं?"

मुंगीने मान डोलावली.

"प्रदर्शनाच्या वेळी, भांडी विसळताना बोलले ते?"

"सगळं," मुंगी म्हणाली. त्यातला 'स' जवळजवळ नव्हताच. आईला तरी तो शब्द पुरता कळला.

त्या दिवशी मुंगीने मला पुन्हा कानामागे बसवून घेतले, कदाचित आईचे डोळे पाहून. पण मित्रांनो, गोष्ट इथे सुखाची झाली असे समजू नका. आईने घरी येताच कौतुकाचा सपाटा लावला. मुंगीच्या पाठीमागे उभी राहून ती खणखणीत आवाजात म्हणे, "ताई, आपली मुंगी किती हुशार आहे, नाही?" आणि आत्या आतून ओरडे, "हो तर! वर्गात अशी कोणीच नसेल!" मी ते सगळे इमानाने पोहोचवले. मुंगी वळूनसुद्धा पाहत नसे. पोकळ आवाज मी कितीही मोठा केला तरी तो पोकळच राहतो, आणि मुंगीला एव्हाना आवाजातले बरेच कळू लागले होते.

एका दुपारी बाबा पडद्याआडून ते नाटक ऐकून आत आले. आईला म्हणाले, "किती ढोल वाजवशील? ती काय करतेय ते आधी बघ तरी."

आईने पाहिले. मुंगी पितळेची एक किल्ली घासत होती आणि ती कुलपात फिरत नव्हती. आई बराच वेळ तिच्या मागे घुटमळली.  शेवटी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तिसरा दात घासलास, आता आधीपेक्षा जास्त आत जातेय."

मुंगीचा हात थांबला. मग ती पुन्हा घासू लागली, जरा जोरात.

असे शब्द घरात रोज थोडे थोडे येऊ लागले. कधी यायचे, कधी आई विसरून पुन्हा मुंगीचे उत्तर स्वतःच देऊन टाकायची. मी फक्त वाहक. आज कोणते शब्द येणार म्हणून माझा जीव टांगणीला असे.

मग एकदा बाबा बाहेर गेले असताना एक आजोबा बिघडलेले कुलूप घेऊन आले. गल्ल्यामागे मुंगी एकटीच.

"मोठं कोणी नाही का घरात?" आजोबांनी विचारले.

"बघू," मुंगी म्हणाली. किल्ली घालून फिरवली, कानाशी धरली. "आतली स्प्रिंग सरकलीय."

"काय म्हणतेस?"

मुंगी नुसतीच किल्ली फिरवत राहिली. तिचे कान तापले, मला चटका बसावा इतके. पडद्यामागे आईची पावले आली आणि थांबली. पाठोपाठ आत्या. "वहिनी, जा ना, सांगा त्यांना. अडकलीय पोर."

मी घाबरलो. पुढचे वाक्य काहीही असो, ते मला न्यावेच लागणार होते.

"अडकू दे," आई हळूच म्हणाली. "ती काढेल त्यातून वाट. मी आहे इथंच."

मुंगी पाठमोरीच होती. तिने श्वास घेतला. "आतली स्प्रिंग सरकलीय."

"आतली... काय?"

"स्प्रिंग," मुंगी तिसऱ्यांदा म्हणाली. शब्द आताही वाकडाच होता, पण तो आधीपेक्षा मोठा होता आणि तो वाढवणारा मी नव्हतो. "खोलावं लागेल. बसा."

आजोबा बसले.

मुंगीचे कान आता मोठे झाले आहेत. तिला नवे यंत्र मिळाले, आणि मी डबीत पडून आहे. माझे छिद्र धुळीने बुजत चालले आहे, तरी खोलीतला एखादा आवाज अजून येतो. नव्या यंत्राला आज कोण काय ऐकवते आहे, ते मला ठाऊक नाही. त्यालाही काही अडवता येणार नाही, एवढे ठाऊक आहे.

म्हणून विनंती तुम्हालाच. मित्रांनो, तुमच्याही घरात धाकटे कोणीतरी तुमच्याकडे पाठ करून काहीतरी जुळवत बसले असेल, आणि ते त्याला अजून जमत नसेल. त्याच्याबद्दल काही बोलणार असाल, तर ते ऐकते आहे असे धरून बोला.