गोटमारीची हजेरी

हिरामणने जेवणाचा डबा बसच्या दांडीवर खणखण वाजवला, तरी गलका थांबेना. पोळा जवळ आला की कारखान्याच्या या बसमध्ये असंच व्हायचं. एरवी माणसं सापडेल त्या जागेवर बसत, कोणाच्याही खांद्यावर डोकं टाकून झोपत. पण या आठवड्यात सावरगावचे सगळे डाव्या बाजूला, पांढुर्ण्याचे उजव्या बाजूला, आणि मधल्या वाटेवरून टोमण्यांची फेकाफेक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असायची, जाम नदीच्या दोन्ही काठांवरून खरे गोटे सुटायचे. बसमधले हे नुसते हात साफ करायचे.

"थांबा बे जरा. एक गोष्ट सांगून राहिलो."

"आत्तापासूनच डोक्याले पट्टी मागून राहिला का गा?" डावीकडून भिवाजीने विचारलं, आणि दोन्ही बाजू हसल्या.

भिवाजी वेल्डिंगवर होता, हिरामण पत्रा दाबायच्या प्रेसचा फोरमन. हिरामणच्या भुवईवर जुनी खूण होती, गोट्याची. ती कोणाच्या हातची हे त्याने कधी विचारलं नव्हतं, भिवाजीनेही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसाचं त्या दिवशीच सोडायचं, अशी दोन्ही गावांची रीत होती. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच डब्यात जेवत.

हसू ओसरल्यावर हिरामणने सांगितलं, की दिल्लीच्या मोठ्या ऑफिसची माणसं येणार आहेत. सोबत बाहेर देशातले पाहुणेही आहेत. शेड पाहायला येणार, आणि नेमकी गोटमारीच्या दिवशीच येणार. मॅनेजर श्रीकांत साहेबांनी तारीख बदलून मागितली होती. पण दिल्लीला गोटमार कोणाला ठाऊक. दरवर्षी त्या दिवशी शेड ओस पडायची. लांबच्या रामाकोना गावची चार माणसं येत, ती दिवसभर चहा पीत आणि कोणाचं डोकं फुटलं याची पैज लावत. या वर्षी तसं चालणार नव्हतं. साहेब म्हणाले होते, शेड भरलेली दिसली पाहिजे, बरंच काही दिसण्यावर आहे.

खिडकीशेजारून एक चकचकीत गाडी पुढे निघून गेली, आणि सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. ती बाहेरच्या देशात तयार होऊन जहाजाने येणारी गाडी होती. दोन-तीन वर्षांत त्या सगळीकडे झाल्या होत्या. संत्र्याच्या व्यापाऱ्यांकडे होत्या, सौंसरच्या डॉक्टरांकडे होत्या. कारखान्यात ज्या देशी गाडीचे दरवाजे बनत, तिच्यापेक्षा ती गाडी दिसायला मोठी आणि भावाने कमी होती. देशी गाडी कोणी घेईना. दरवाजे मागच्या आवारात ताडपत्रीखाली रचून ठेवले होते आणि त्यांच्या फटींतून चिमण्यांनी घरटी केली होती. आठवड्यातले निम्मे दिवस प्रेस बंद असायचे.

"आमच्या घरचा माणूस त्या दिवशी पाण्यात नाही, असं माह्या आज्यापासून झालं नाही," भिवाजी सावकाश म्हणाला. आता तो चेष्टा करत नव्हता. "लोक म्हणतीन, पळाला. माय तं मले घरात घ्याची नाही."

"मलेही लोक तेच म्हणतीन."

"तुले म्हणू दे. तू पांढुर्ण्याचा, तुमाले सवय हाय." थोडं हसू झालं, पण भिवाजी हसला नाही. "येतो. सगळ्याइले आणतो. पण आमी आलो तं लाईन चालू राहीन, अशी जबान देतं का तू?"

साहेबांनी तसं म्हटलं नव्हतं. हिरामणला ते नीट आठवत होतं. साहेबांचं एकेक वाक्य त्याने मनात पुन्हा पुन्हा घोळवलं होतं, आणि दरवेळी ते थोडं अधिक गोड लागलं होतं. त्याने दांडीवरचा हात घट्ट केला. डावीकडची आणि उजवीकडची सगळी तोंडं त्याच्याकडे लागली होती.

"देतो," तो म्हणाला.

पोळ्याच्या संध्याकाळी हिरामणच्या बायकोने, कलाबाईने, रीतीप्रमाणे दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या रोवल्या. नवरा उद्या डबा घेऊन कामावर जाणार हे तिला पटत नव्हतं. गोटमारीला तो जातो म्हणून दरवर्षी ती भांडायची; या वर्षी जात नाही म्हणून तिला धाकधूक लागली होती. शेजारची बाई विचारून गेली होती, यजमानांची तब्येत बरी नाही का म्हणून. कलाबाईने होय म्हणून सांगून टाकलं होतं. हिरामणने कामाची निळी सदरी स्वतःच्या हाताने धुतली आणि पिळून वाळत घातली.

सकाळी बस नदीवर आली तेव्हा पुलाखाली गर्दी जमू लागली होती. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड उभं होतं, त्याच्या शेंड्यावर झेंडा. सावरगाववाल्यांनी ते राखायचं, पांढुर्णावाल्यांनी तोडायचं. काठांवर गोट्यांचे ढीग दिसत होते. बसमधल्या माणसांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि लगेच नजरा आत घेतल्या. खालून कोणीतरी ओळखलं, आणि बांगड्या भरा रे, असा आवाज आला. पुलापलीकडे सावरगावची माणसं चढली. एकही कमी नव्हता. शेवटी भिवाजी चढला, हातात माणसाच्या उंचीची पळसाची फांदी घेऊन. तिच्या टोकाला त्याने लाल चिंधी बांधली होती.

"हे काय बे?"

"माय म्हणे, नदीवर जात नाही तं नदीच घेऊन जाय."

कारखान्यात पोचल्यावर त्याने एका रिकाम्या तेलाच्या डब्यात वाळू भरली, फांदी त्यात रोवली आणि डबा शेडच्या मधोमध, प्रेसच्या आणि वेल्डिंगच्या मध्ये ठेवला. मग त्याने जाहीर केलं, की झेंडा सावरगावने लावला आहे. संध्याकाळपर्यंत कोणा पांढुर्णावाल्याने हात लावून दाखवावा. हिरामण ओरडणार होता. पण माणसं इतक्या दिवसांनी हसताना दिसली, म्हणून त्याने राहू दिलं.

त्या दिवशी शेड जशी चालली तशी वर्षभरात चालली नव्हती. सगळे प्रेस चालू होते. पत्रा आत जात होता, दरवाजा होऊन बाहेर येत होता. त्या दरवाज्यांना गिऱ्हाईक नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कोणी ढिलाई केली नाही. जेवणाच्या सुट्टीत कोणी मोबाईलवर नदीचे व्हिडिओ पाहू लागलं, तर बाकीच्यांनी त्याला बंद करायला लावलं. हिरामण रांगेतून फिरत होता. पायाखालची फरशी प्रेसच्या ठोक्याने हलत होती, आणि ते हलणं त्याच्या छातीपर्यंत येत होतं.

पाहुणे दुपारी आले. बाहेरच्या देशातल्या दोघांनी दारातच हात जोडून नमस्कार केला. माणसांनीही केला. श्रीकांत साहेब पुढे होऊन प्रेस दाखवू लागले. पाहुण्यांनी मान हलवली, पण त्यांची नजर प्रेसवर थांबली नाही. ती वर गेली, छपराकडे. मग एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे. दिल्लीहून सोबत आलेल्या एका तरुण माणसाने खिशातून एक लहानसं यंत्र काढलं, खांबाला टेकवलं, आणि समोरच्या खांबावर लाल ठिपका उमटला. त्याने आकडा लिहून घेतला आणि तो पुढच्या खांबाकडे गेला.

हिरामणला वाटलं, नवी मशीन बसवायची असेल. तो हौसेने त्या तरुणाच्या मागे मागे चालू लागला, ट्रॉल्या बाजूला करून देऊ लागला. एका ठिकाणी तरुण थांबला आणि दिल्लीच्या साहेबांना हिंदीत म्हणाला, "हाइट अच्छी है सर. ये सब हट जाए तो रॅक पाँच मंज़िल लग जाएँगे."

हिरामणचा हात ट्रॉलीवर होता तो तसाच राहिला.

श्रीकांत साहेब बाजूलाच उभे होते. हिरामणने त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"गोदाम करणार आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "बाहेरून येणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग ठेवायला. मला आत्ता जेवताना सांगितलं."

"आन् प्रेस?"

"उचलून नेतील. भंगारात."

"मंग माणसं कायले बोलावली, साहेब?"

"मला वाटलं होतं, हिरामण, एवढी माणसं पाहिली तर..." साहेबांनी वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाले, "सामान उचलायला काही लागतील. बोलतो मी."

प्रेस चालूच होते. भिवाजीच्या वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. मधेच थांबून, चेहऱ्यावरची काच वर करून तो हिरामणकडे पाहत होता आणि भुवया उंचावून विचारत होता, कसं काय? हिरामणने मान हलवली. त्या हलवण्यातून हो की नाही हे त्याचं त्यालाही कळलं नसतं. पण भिवाजीने ते हो समजून घेतलं आणि खुशीत काच खाली पाडली.

यंत्रवाला तरुण आता शेडच्या मधोमध आला होता. त्याने यंत्र रोखलं, पण लाल ठिपका समोरच्या खांबावर पडेना. मधे पळसाच्या पानांवर तो थरथरत होता. तरुणाने इकडेतिकडे पाहिलं आणि हिरामणला नम्रपणे म्हणाला, "भैया, ये ज़रा हटा देंगे?"

हिरामण पुढे गेला. त्याने फांदी दोन्ही हातांनी धरली. वाळू दाबून भरलेली होती, फांदी सहज निघेना. त्याने जोर लावला तेव्हा ती बुडाशी कट्‌कन मोडली आणि चिंधीसकट त्याच्या हातात आली.

मग वेल्डिंगच्या बाजूने भिवाजी हातातलं काम टाकून ओरडला,

"तोडला बे! पांढुर्णावाल्यानं झेंडा तोडला!"

उजवीकडून आरोळी उठली. डावीकडचेही हसत हसत टाळ्या पिटू लागले. कोणी पत्र्यावर हातोडा बडवला, कोणी शिट्टी मारली. बाहेरच्या देशातले पाहुणे चमकून वळले; आपल्यासाठीच हे स्वागत चाललं आहे असं समजून त्यांनी पुन्हा हात जोडले आणि तेही टाळ्या वाजवू लागले. मोकळ्या झालेल्या जागेतून लाल ठिपका सरळ समोरच्या खांबावर जाऊन स्थिर झाला. तरुणाने आकडा लिहून घेतला.

संध्याकाळी बस निघाली तेव्हा डावं-उजवं राहिलं नव्हतं. माणसं मिळेल तिथे बसली होती. भिवाजीने आपल्या शेजारची जागा हिरामणसाठी धरून ठेवली होती. फांदी हिरामणच्या मांडीवर आडवी होती. झेंडा तुटला की तो चंडीच्या देवळात नेतात, तेव्हा हीही तिथेच न्यायची, असं भिवाजी म्हणत होता. पुढच्या वर्षी तारीख अशीच आली तरी हरकत नाही, मायची समजूत आता आपण काढू. पाहुणे माणसं चांगली वाटली, हात जोडत होते. ते काय मोजून राहिले होते, एवढं मात्र त्याला समजलं नव्हतं.

"नवी मशीन लागून राहिली काय गा?" त्याने विचारलं.

हिरामण खिडकीबाहेर पाहत होता. बस वळणावर आली, तिथून नदीकडचा गलबला वाऱ्यावर येऊ लागला होता. कुठून तरी ॲम्ब्युलन्सचा भोंगा येत होता.

त्याने फांदी उचलून भिवाजीच्या मांडीवर ठेवली. मग तो उठला, मधल्या वाटेत उभा राहिला, आणि रिकामा डबा दांडीवर वाजवू लागला.