चूक म्हणायचं न्हाय

संघप्रिया कुरणेनं डूख धरला तो एका बातमीवरनं, आणि ती बातमी तिनं स्वतःच्याच हातानं लिहिली होती.

कोल्हापुरातल्या तिच्या बी.एड. कॉलेजचं एक चारपानी वार्तापत्र निघायचं. त्यात 'आमचे मानकरी' नावाचं सदर. कुणाला पीएच.डी. मिळाली, कुणी रेडिओवर भाषण ठोकलं, कुणाचं गाईड छापून आलं, असल्या बातम्या. काहीच नसलं तर कुणाच्या पोराला मेडिकलला नंबर लागला तेही यायचं. जागा तर भरायला पाहिजे! हे सदर लिहायचं काम संघप्रियाकडं. ती मराठीचं अध्यापन शिकवायची, म्हणजे तिची भाषा चांगली असणार, असा सगळ्यांचा हिशोब होता.

आणि गंमत बघा, याच भाषेवरनं तिला पहिल्याच दिवशी सगळ्यांनी हसून घेतलं होतं.

ती गडहिंग्लजपलीकडच्या गावची, बुद्धवाड्यातली. बाप एस.टी.त कंडक्टर. वाड्यातली पहिली एम.एड. म्हणून चौऱ्याण्णव साली नोकरीवर हजर झाली, तेव्हा प्राचार्य विजयसिंह इंगवले स्टाफरूममध्ये बसले होते. त्यांनी विचारलं, "काय बाई, जेवण झालं?"

"न्हाय सर, अजून जेवलो न्हाय."

आपल्याकडं बायका अशाच बोलतात. मी येतो, मी जातो, मी जेवलो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण इंगवले सर खुर्चीत मागं रेलून हसले. "चूक! 'जेवले नाही' म्हणा बाई. ही भाषा घेऊन तुम्ही शिक्षक घडवणार?" स्टाफरूम खो-खो हसली. संघप्रियाच्या हातात डबा तसाच राहिला. आणि हेच इंगवले सर दहा मिनिटांनी फोनवर भावाला म्हणत होते, "आरं, टोळी आली न्हाय आजून? मग ऊस काय मी तोडाय येऊ व्हय?"

तिनं जीभ वळवली. वर्षभरात तिची भाषा एवढी धुतल्यासारखी झाली की घरी गेल्यावर आई म्हणायची, "कुणाशी बोलालीस गं? माझ्याशी, का सायबाशी?" पण तो 'चूक' शब्द घशात अडकलेल्या काट्यासारखा राहिला, आणि त्यातनंच तिचं काम उभं राहिलं.

सुट्टी लागली की ती गावाकडच्या शाळांत जाऊन बसायची. पोरं वर्गात गप्प का असतात, याचा तिनं छडा लावला. पोर तोंड उघडतं, घरचा शब्द बोलतं, मास्तर 'चूक' म्हणतो, आणि पोर तोंड मिटतं ते कायमचं. मग तिनं एक पद्धत बसवली. पोरानं घरचा शब्द सांगायचा. मास्तरनं तो फळ्यावर लिहायचा, त्याचं कौतुक करायचं, आणि त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द मांडायचा. दोन शब्द, दोन्ही पोराचे. नियम एकच, पण पक्का. वर्गात 'चूक' म्हणायचं नाही. पाच-सहा वर्षं तिनं या पद्धतीवर घासली. तिसरीत शिकणारी, नावालाही 'हूं' न म्हणणारी पोरं घडाघडा बोलायला लागली. मग तिनं निबंध लिहिला आणि रीतीप्रमाणे प्राचार्यांकडं अभिप्रायाला दिला.

अभिप्राय आला नाही. इंगवले सर पुण्याला परिषदेला जाऊन आले, आणि येताना राज्य पातळीवरचा पुरस्कार घेऊनच आले. निबंध तोच, नियम तोच, गावाची नावंसुद्धा तीच. फक्त खालचं नाव डॉ. विजयसिंह इंगवले. आयत्या बिळावर नागोबा!

ती तडक केबिनमध्ये गेली.

"सर, ते काम माझं आहे."

इंगवले सरांनी पेढ्याचा बॉक्स पुढं सरकवला. "अहो, तुमचं-आमचं काय करताय? कॉलेजचं नाव झालं की." मग दरवाज्याकडं बघून आवाज खाली आणला. "तुमच्या लोकांना आता काय कमी हाय बाई? सगळं मिळालंयच की. एवढं एक आमच्याकडं राहू दे."

तिनं पेढा घेतला नाही.

"आणि हो," ते मागनं म्हणाले, "बातमी तुम्हीच लिहा. तुमची भाषा चांगली हाय."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. स्वतःच्या घरात झालेल्या चोरीची बातमी तिनं चोराचं अभिनंदन करून लिहिली. चार ओळी लिहायला तिला सगळी संध्याकाळ लागली.

नवरा प्रसेनजीत शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर होता. सरळ माणूस. तो भडकला. "जा आणि सगळ्यांसमोर भांड की!"

"भांडून काय हुतंय? दोन दिवस चघळतील आणि तिसऱ्या दिवशी मलाच भांडखोर ठरवतील."

"मग गप बसणार?"

"गप? काम कुणाचं हाय ते त्याच्याच तोंडानं जगाला कळंल असं करतो, बघ तू." रागाच्या भरात नवऱ्यापुढं ती अजून 'करतो'च म्हणायची.

त्यानंतर संघप्रियानं इंगवले सरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला घेतलं. दर अंकात सरांची बातमी. 'बोलीभाषेचे कैवारी डॉ. इंगवले.' 'ज्यांच्या वर्गात चूक हा शब्द नाही, असे शिक्षक.' 'मुलांच्या घरच्या शब्दांना फळ्यावर मानाचं पान देणारे प्राचार्य.' स्टाफरूममधले जोतीराम सर तिला टोमणा मारायचे, "काय कुरणेबाई, आरती कधी छापताय?" ती नुसती हसायची. इंगवले सर मात्र प्रत्येक अंक दोनदा वाचायचे. पाहुण्यांना द्यायला त्यांनी जादा प्रती काढून घेतल्या. वाचून वाचून त्यांना स्वतःलाच पटलं की ही पद्धत आपलीच. वर्गात कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण पटलं. स्तुती कुणाला कडू लागते?

दोन हजार चार साली कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती यायची ठरली. इंगवले सरांचा डोळा विद्यापीठातल्या अधिष्ठातापदावर होता आणि समितीचा शेरा चांगला पडला तर खुर्ची खिशात, असं ते उघड बोलायचे. संघप्रियानं त्या वेळच्या अंकात शेवटची काडी टाकली. 'समितीच्या भेटीत डॉ. इंगवले सीमाभागातील शाळेत स्वतः दिग्दर्शन पाठ देतील.' दिग्दर्शन पाठ म्हणजे काय, तर बी.एड.च्या पोरांनी कसं शिकवावं ते गुरुजींनी खऱ्या वर्गात शिकवून दाखवायचं. सरांनी असा पाठ किती वर्षांत दिला नव्हता ते त्यांनाच ठाऊक. पण अंक समितीच्या हातात पडला, अध्यक्षबाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "हे तर आम्हाला बघायचंच आहे."

सरांनी तिला बोलावलं. "बाई, पाठाची तयारी तुम्ही करा. विषय सोपा घ्या. चुणचुणीत पोरं पुढं बसवा."

"हो सर. विषय घेते 'माझं जेवण'. तिसरीचा वर्ग."

पुढच्या बाकावर कुणाला बसवायचं ते तिनं तेव्हाच ठरवलं होतं. आक्काताई. गावातल्या शेतकऱ्याची पोरगी, दोन वर्षं वर्गात मुकी बसलेली. संघप्रियानं तिला बोलती करायला एक सबंध उन्हाळा घातला होता. आता ती बोलायला लागली की थांबायची नाही आणि घरचा शब्द खणखणीत बोलायची. एकदा संघप्रियाच्या मनात आलंही, या पोरीला यात ओढायचं? पण पेढ्याचा बॉक्स डोळ्यांपुढं आला आणि तिनं तो विचार झटकून टाकला.

पाठाच्या दिवशी दोन जीपगाड्या शाळेपुढं थांबल्या. समितीची माणसं मागच्या भिंतीला खुर्च्यांवर बसली, बी.एड.ची पोरंपोरी दाराशी दाटीवाटीनं उभी राहिली. इंगवले सर कडक इस्त्रीत होते. सुरुवात झकास केली. पोरांची नावं विचारली, हसवलं. संघप्रियाच्या मनात आलं, निभावून नेतोय की काय हा बाबा?

"बाळांनो, आपण भाकरीबरोबर काय खातो बरं?"

आक्काताईचा हात सगळ्यांच्या आधी वर. "कोरड्यास!"

आता कोरड्यास म्हणजे काय ते इंगवले सरांना ठाऊक नव्हतं असं नाही. कोरडी भाकरी ज्याला लावून खायची ते कोरड्यास, मग ती आमटी असो नाहीतर भाजी. सरांची आई जन्मभर हाच शब्द बोलली असणार. पण मागं बाहेरगावचे साहेब बसलेले. त्यांच्यापुढं हा शब्द ऐकला आणि सरांची कानशिलं तापली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगीच नाही.

"चूक!" सर म्हणाले. "असं गावंढळ बोलायचं नाही. भाजी म्हणायचं. म्हण, भा-जी."

वर्ग गप्प झाला. आक्काताईचा हात अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला. सरांना वाटलं शांतता म्हणजे शिस्त, म्हणून ते पुढं बोलत राहिले. मागच्या पोरानं भाजीपाल्याला 'माळवं' म्हटल्यावर त्यालाही दुरुस्त केलं. मग कुणी हातच वर करेना. उरलेला पाठ सर एकटेच बोलले.

दाराशी उभी असलेली बी.एड.ची पोरं एकमेकांकडं बघत होती. हा नियम त्यांच्याकडनं कुरणेबाईंनी पाठ करून घेतला होता. संघप्रियाला आतून उकळी फुटत होती. खोटं कशाला बोला, गावजेवणात पहिल्या पंगतीला बसल्यावर घास लागावा तसा तिला तो क्षण गोड लागला.

पाठानंतर चर्चा करायची रीत असते. पोरांना बाहेर सोडलं आणि अध्यक्षबाईंनी वार्तापत्राची घडी उघडली. आवाज शांत होता. "डॉक्टर, तुमच्या निबंधातला एकमेव नियम आहे, वर्गात चूक म्हणायचं नाही. तुम्ही तर पहिल्याच उत्तराला म्हणालात."

इंगवले सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस मुरलेला. रुमालानं मान पुसली आणि हसले. "मॅडम, तो मुद्दाम दाखवलेला चुकीचा नमुना होता. कसं शिकवू नये ते विद्यार्थ्यांना कळायला पाहिजे ना? कुरणेबाईंना माहीत आहे, आमचं आधीच ठरलं होतं. बाई, सांगा की मॅडमना."

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. दहा वर्षांत पहिल्यांदा इंगवले सर तिच्याकडं खालून वर बघत होते. डोळ्यांत चक्क विनवणी होती. एक 'हो' म्हटलं असतं तर माणूस सुटला असता, आणि जन्मभर तिच्या उपकारात राहिला असता. बरोबर आलेले जोतीराम सर तर डोळ्यांनी खुणावत होते, म्हणा बाई, म्हणून टाका.

संघप्रिया उभी राहिली.

"न्हाय सर," ती म्हणाली. "असं काय ठरलं न्हवतं."

'न्हाय' हा शब्द तिनं सावकाश, ठासून उच्चारला. सरांनी तोंड उघडलं. बहुतेक दुरुस्त करायलाच. मग मिटलं.

अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, "मग ही पद्धत नेमकी आहे तरी कुणाची?" संघप्रियानं सांगायला सुरुवात केली. कुठल्या शाळेत काय घडलं, कुठलं पोर कुठल्या शब्दानं बोलतं झालं, कुठं तिची फजिती झाली. अध्यक्षबाई मधेमधे सरांकडं वळून प्रश्न टाकत होत्या आणि सरांना एकाचंही उत्तर येत नव्हतं. शेवटी ते फोन करायचं निमित्त काढून उठले आणि जीपमध्ये जाऊन बसले, तापलेल्या उन्हात, काचा लावून.

जिंकली होती ती. पुढच्या अंकाची बातमी तिच्या डोक्यात तयार झाली होती, दोनच ओळींची. 'पद्धत: संघप्रिया कुरणे. पाठ: डॉ. विजयसिंह इंगवले.' यात एक अक्षरही खोटं नव्हतं. कोण काय छापू नको म्हणतंय ते बघू, असं मनाशी म्हणत ती व्हरांड्यात आली.

आक्काताई पायरीवर बसली होती. बाकीची पोरं जीपभोवती दंगा करत होती आणि ही एकटीच.

संघप्रिया तिच्याशेजारी टेकली. अजून तिचं अंग हलकं होतं, हसू मावत नव्हतं. तिनं लाडानं विचारलं, "काय गं आक्काताई, आज डब्यात भाकरीसंगं काय आणलंयस?"

पोरीनं तिच्याकडं बघितलं नाही. तोंडातल्या तोंडात म्हणाली, "भाजी."

संघप्रियाचं हसू जागच्या जागी थिजलं. "आणि घरात काय म्हणता तुम्ही? मला सांग की. आपण लिहिलं होतं ना फळ्यावर?"

आक्काताईनं फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"आमच्या घरातली समदीच चुकत्यात, बाई," ती म्हणाली.