तीन वाजेपर्यंत

गुरुवारी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी एलिखियाचा फोन वाजला. बियारिका शहरातल्या वंध्यत्वाच्या दवाखान्यात ती अकरा वर्षं नर्स होती. पेशंटला दिलेल्या कागदावर तिच्याच घरचा नंबर असे.

“सिस्टर, झोपमोड नाही ना केली?”

निमिया होती. सोमवारी तिच्या गर्भाशयात औषध सोडून नळ्यांचा एक्स-रे काढला होता. दोन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या, तेव्हा टेबलावर पडल्या पडल्याच तिने एलिखियाचा हात गच्च धरला होता. सात वर्षांतली पहिली चांगली बातमी.

“बोल गं.”

“ताप आहे. आज उतरेचना.”

“आज? म्हणजे आधीपासून आहे?”

“मंगळवारपासून. बाराला थंडी वाजते, पोटात कळा येतात. सासूबाई तेरेरेच्या गार चहात पाला चेचून देतात. तीनपर्यंत उतरतो.”

“मग फोन का नाही केलास? कागदावर काय लिहिलंय?”

“‘ताप आला तर लगेच फोन करा.’ पण वामकुक्षीच्या वेळी कुणाच्या घरी फोन करायचा, सिस्टर? आणि तीन वाजता ताप नसायचाच. मग काय सांगायला करू?”

मागून सासूबाई कडाडल्या, “यंत्राखाली घालून पोरीला शिजवलंत, आणि वर तिलाच दटावता?”

एलिखिया दुपारी कधीच झोपत नसे. बारा ते तीन खिडक्या लोटून भरतकाम करत बसे. तिन्ही दिवस फोन हाताशीच होता.

“नवऱ्याला उठव. मोटरसायकल नको, कुणाची तरी गाडी बघा. मी इस्पितळात पोचते.”

“आत्ताच डोळा लागलाय हो त्याचा...”

“निमिया, उठव त्याला!”

संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. या एक्स-रेनंतर शंभरातल्या एखादीला नळ्यांत असा संसर्ग होतो. तेही कागदावर होतं. निमियाने वाचूनच सही केली होती.

शुद्धीवर येताच तिने विचारलं, “मोकळ्या होत्या ना, सिस्टर?”

“होत्या.”

शुक्रवारी सकाळी एलिखियाने पेशंटला द्यायचे दवाखान्यातले उरलेले कागद पुढ्यात घेतले आणि प्रत्येकावर पेनाने लिहिलं : ‘दुपारीसुद्धा. मी झोपत नाही.’

निमियाची उजवी नळी काढावी लागली. डावी सुजली आहे. ती मोकळी राहील की नाही, ते डॉक्टर सहा आठवड्यांनी सांगणार आहेत.

शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत ताप आलेला नाही.