जुनं पिस्तूल, नवं पिस्तूल

ओरविल स्टिडमच्या दुकानातून बंदूक घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ऐकून घ्यावीच लागे. पिस्तूल आपण होऊन उडत नाही, कुणाचं तरी बोट चापावर असतं. केंटकीच्या त्या डोंगरांत तो चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करत होता. "आपोआप उडालं हो," म्हणत कुणी आलं, की तो खोदून खोदून विचारी, आणि शेवटी तो माणूस खाली बघून कबूल करी.

एकानं मात्र कबूल केलं नव्हतं. तो त्याचा थोरला मुलगा, लॉनी.

अकरा वर्षांपूर्वी दोघं भाऊ खारींच्या शिकारीहून परतले होते. धाकटा कर्बी ट्रकशेजारी वाकून बुटाची नाडी सोडत होता. लॉनीचं म्हणणं असं, की त्याच्या कोटाच्या खिशातून पिस्तूल निसटलं, अंगणातल्या सिमेंटवर पडलं आणि उडालं. गोळी कर्बीच्या गळ्यात शिरली. तो एकोणीस वर्षांचा होता. शेरीफनं अपघात म्हणून नोंद केली आणि पिस्तूल घरी परत दिलं.

ओरविलनं ते उघडलंसुद्धा नाही. गॅसच्या ज्योतीनं कापून भंगारात टाकलं. बायको, ओपल, म्हणाली होती, एकदा आत बघ तरी. बघण्यासारखं काय आहे, असं तो म्हणाला. लॉनीला त्यानं सांगितलं, की चापावर बोट गेलं होतं एवढं कबूल कर, मी माफ करीन. खोटं बोलायचं असेल तर या घरात पाऊल टाकू नकोस. लॉनीनं पाऊल टाकलं नाही. आईच्या दफनालासुद्धा तो लांब झाडाखाली उभा राहिला आणि तिथूनच निघून गेला.

कर्बीचा जीव घेणाऱ्या त्या कंपनीचं पिस्तूल ओरविलनं पुन्हा दुकानात येऊ दिलं नव्हतं. ऑक्टोबरात वर्ना प्रॅट नेमकी त्याच कंपनीची दोन पिस्तुलं पावाच्या पिशवीत घालून घेऊन आली, तेव्हा तिला परत पाठवावं असं त्याच्या मनात आलं. पण वर्ना नर्स होती. ओपलच्या शेवटच्या महिन्यात तिनंच तिची सेवा केली होती. नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

एक पिस्तूल तिच्या वारलेल्या भावाचं, पंधरा वर्षांपूर्वीचं, लॉनीच्या खिशात होतं अगदी तसलंच. दुसरं तेच, पण नव्या बनावटीचं, तिनं गेल्या आठवड्यात घेतलेलं. दोन्ही स्वस्तातली. चांगल्या बुटांच्या जोडीला जेवढे पडतात, तेवढ्यात येणारी. कामावरून यायला उशीर होतो, गाडीत एक ठेवायचंय, कुठलं ठेवू, एवढाच तिचा प्रश्न होता.

"जुनं माझ्या पहिल्या नवऱ्यासारखं आहे," ती म्हणाली. "जड, आणि ऐन वेळी अडणारं."

"आणि नवं?"

"दुसऱ्यासारखं. दिसायला बरं, बाकीचं कळायचंय."

ओरविलला हसू आलं. त्यानं दोन्ही रिकामी असल्याची खात्री केली, सुटी केली आणि कापडावर शेजारी शेजारी मांडली. नव्याची मूठ खरखरीत होती, हातात नीट बसत होती. दोन गोळ्या जास्त मावत होत्या. नेम धरायचे ठिपके पांढरे केले होते. हे सगळं तो वर्नाला दाखवत गेला, आणि चापापाशी येऊन थांबला.

जुन्याचा चाप म्हणजे भरीव पोलादाचा जाड तुकडा. नव्याचा प्लास्टिकचा, हलका, आणि त्याच्या मधोमध एक पातळ जीभ. बोटानं ती जीभ दाबल्याशिवाय चाप जागचा हलत नव्हता. नव्याबरोबरच्या पुस्तिकेत एवढंच छापलं होतं: मूठ सुधारली, चाप सुधारला. का सुधारला, ते नव्हतं.

असा बदल कंपनी उगाच करत नाही, हे ओरविलला कुणी सांगायला नको होतं. त्यानं जुना चाप तळहातावर घेतला. तो त्याला फार जड लागला.

त्यानं एका काडतुसातून गोळी आणि दारू काढली, फक्त बुडाची, ठोका बसला की फुटणारी टिकली ठेवली, पिस्तुलं पुन्हा जोडली आणि ते काडतूस जुन्यात भरलं. वर्नाला कपाटामागे उभं केलं. मग कोटाच्या खिशाच्या उंचीवरून, पाठ खाली येईल असं, पिस्तूल सिमेंटवर सोडलं. काही झालं नाही. पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदा फट्‌दिशी आवाज झाला आणि नळीतून धुराची बारीक रेघ वर गेली. चापाला कुणी शिवलं नव्हतं. पडण्याच्या धक्क्यानं तो आपल्याच वजनानं मागे गेला होता.

नवं त्यानं तसंच भरून वीस वेळा सोडलं. ते गप्प राहिलं.

वर्ना कपाटामागून बाहेर आली. लॉनीबद्दल सगळ्या गावाला ठाऊक होतं ते तिलाही ठाऊक होतं. जुनं तुमच्याकडेच ठेवा, एवढं म्हणून तिनं नवं पिशवीत टाकलं. दाराशी ती म्हणाली, "आजच जा, ओरविल. उद्या पाय निघणार नाही."

लॉनीचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज डोंगरापलीकडे, पाऊण तासावर होतं. ओरविलनं जुनं पिस्तूल आणि टिकलीचं आणखी एक काडतूस खिशात घातलं आणि निघाला. बापाला दारात बघून लॉनी हातातला पाना पुसत राहिला. केस कानांपाशी पांढरे झाले होते.

ओरविलनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चाप, जीभ, तिसरी खेप.  "तू खरं बोलत होतास," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

लॉनीनं पाना खाली ठेवला.

"डॅडी, तीन वर्षांमागं मी इथल्या चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभं राहून सांगितलं, की बोट माझंच गेलं होतं."

"कशाला सांगितलंस असं?"

"बंदुकांतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? तुम्ही म्हणालात, म्हणजे गेलंच असणार. रोज विचार करून करून मला ते आठवायलासुद्धा लागलं. चाप कसा गार लागला, तेसुद्धा. आता तुम्ही म्हणता, नव्हतं. मग ते मी कुठून आणलं?"

ओरविलनं पिस्तूल खिशातून काढलं. दाखवतो, एवढंच तो म्हणाला, आणि काडतूस भरून ते जमिनीवर सोडलं. उडालं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. दर खेपेला गुडघ्यावर हात देत तो वाकत होता. लॉनी बघत होता. सहावी खेपही तशीच गेली.

"दुकानात उडालं रे," ओरविल म्हणाला. "माझा हातसुद्धा नव्हता जवळ. मी या डोळ्यांनी बघितलं, लॉनी."

"मीपण बघितलं होतं, डॅडी. तुम्ही नाही म्हणालात."

ओरविल पुन्हा वाकला. त्यानं पिस्तूल परत उचललं आणि खिशाच्या उंचीवर धरलं.  लॉनी पुढे आला, पिस्तूल त्याच्या हातातून अलगद सोडवून घेतलं, आणि नळी भिंतीकडे करून फळीवर ठेवलं.