सुरेंद्रच्या मागे कोण लागलं?

आमच्या पुष्पाताईला बर्फाची धास्ती सिनेमानं लावली. मॉरिशसमध्ये बर्फ असतो कुठे? सरबताच्या पेल्यात, तेवढाच. पण गुडलँड्सच्या थिएटरात तिनं जे गोऱ्यांचे सिनेमे पाहिले, त्या प्रत्येकात कुणीतरी पायाला फळ्या बांधून डोंगरावरून सुसाट सुटलेला आणि मागून चौघे बंदुका झाडतायत. "स्की म्हणतात त्याला," ताई शेजारणींना समजावून सांगायची, "जिवावर बेतलं की करतात."

तिची लेक चंद्रिका हिंदी सिनेमावाली. तिच्या सिनेमात नायिका पातळ साडी नेसून बर्फात लोळते, नायक फळ्यांवरून गाणं म्हणत येतो, आणि सर्दी म्हणून कुणाला होत नाही. त्यात ही पोर कामाला लोकरी स्वेटरच्या कारखान्यात! दिवसभर घामानं निथळायचं आणि फ्रान्सच्या लोकांसाठी छातीवर बर्फाची फुलं विणायची. डोकं फिरेल नाही तर काय होईल?

अशा घरात मी, ताईची धाकटी बहीण सत्यवती, स्थळ घेऊन गेले. एकोणऐंशी सालची गोष्ट. मुलगा आमच्याच बेटावरच्या लॉंग माउंटन गावचा, सुरेंद्र. फ्रान्सच्या डोंगरात, स्कीच्या गावी, हॉटेलात नोकरी; सुट्टीवर घरी आलेला. चंद्रिका ऐकूनच हरखली. ताई म्हणाली, "बघू. पण मला जिवंत राहणारा जावई हवा."

आणि मेला आला तो लंगडत!

मी कपाळाला हात लावला. ताईनं त्याच्यापुढे गातो पिमांची, आमच्या तिखट डाळवड्यांची, बशी ठेवली, चहा ठेवला आणि विचारलं, "कुठे लागली?"

"काय, काकी?"

"गोळी."

सुरेंद्र माझ्याकडे बघायला लागला. दारात चंद्रिका उभी होती, डोळे हे एवढे करून. मला सगळं कळलं. स्की करताना पडलो म्हणाला तर आई गेली, नाही म्हणाला तर पोरगी गेली. मी खुणेनं सांगितलं, चहा पी, गप्प बस. पण ऐकेल तर शपथ!

"साबणाच्या पाण्यावरून घसरलो, काकी. भांडी घासतो मी तिथे. चार हिवाळे झाले, पण त्या फळ्या पायाला एकदाही लावल्या नाहीत. त्यांच्या भाड्यालाच माझा दिवसाचा पगार जाईल."

"म्हणजे मागे कुणी लागत नाही?"

"भांडी लागतात. दुसरं कुणी नाही."

ताईचा चेहरा असा खुलला, की तिनं बशीत आणखी चार गातो पिमां टाकले. चंद्रिका मात्र तरातरा आत निघून गेली. झालं, मुसळ केरात! मला त्या पोराची इतकी दया आली, की त्याच्या तोंडात मारावीशी वाटली.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. डोळे पुसलेले. थेट त्याच्याच समोर बसली.

"खोटं सांगता आलं असतं तुम्हांला."

"आलं असतं. पण तिथे आल्यावर तुम्ही भांडी बघितलीच असती."

चंद्रिका हसली नाही. म्हणाली, "तिथे स्की शिकवतात?"

"शिकवतात."

"मग मी शिकणार. माझ्या पैशानं."

"शिका. मी खाली उभा राहीन."

"आयो!" ताई ओरडली, पण तोवर पोरीनं स्वतःच्या हातानं त्याला दुसरा चहा ओतला होता. माझा जीव भांड्यात पडला.

लग्न झालं, आणि दोन वर्षांनी तिकडून फोटो आला. पांढऱ्या उतारावर चंद्रिका, पायाला फळ्या, तोंड उघडं. ओरडतेय की गातेय, ते देवाला ठाऊक. आणि तिच्या मागून बर्फात गुडघाभर रुतत एक माणूस धावतोय.

ताईनं फोटो उजेडात धरला. "बघ, सत्यवती! म्हटलं नव्हतं मी? मागे माणूस लागलाय, हातात काहीतरी आहे!"

मी चष्मा लावून बघितलं. हातात स्वेटर होता, छातीवर बर्फाची फुलं, चंद्रिकाच्याच कारखान्यातला, आणि धावणारा सुरेंद्र होता.

ताई पदरानं फोटो पुसत म्हणाली, "असा मागे लागणारा असेल, तर लागू दे हो."