पाचव्या पानावरचा समेट

गोष्टीला पाच घटक असतात, यावर आमच्या शाळेतल्या त्वान बाईंची अढळ श्रद्धा होती. पात्रं, ठिकाण, अडचण, कळस आणि उकल. यातलं एक जरी कमी पडलं तरी ती गोष्ट नाही, नुसती बडबड. तैवानमधल्या चियायी शहरात बदलून आल्या त्याच वर्षी त्यांनी पाचवीच्या वर्गासाठी उपक्रम काढला. प्रत्येक मुलानं आपली गोष्ट लिहायची आणि स्वतःच्या हातानं तिचं पुस्तक बांधायचं. एका घटकाला एक पान, पुठ्ठ्याचं कव्हर, सुईदोऱ्यानं शिवलेला कणा.

शेजारचा वर्ग माझा, आणि मधली भिंत नावालाच. "अडचण कुठल्या पानावर?" "तिसऱ्याऽऽ!" असा गजर पलीकडून उठला की इकडे माझ्या वर्गात अपूर्णांक कोलमडायचे.

'स्वतःच्या हातानं' हे कलम फार टिकलं नाही. प्रदर्शनाला शिक्षण खात्याचे बडे अधिकारी येणार, असं मुख्याध्यापकांनी जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळपासून पुस्तकं आईबापांच्या हातात गेली. दातांच्या डॉक्टरांच्या मुलाचं पुस्तक उघडलं की आत दिवे लागायचे. एका मुलीच्या पुस्तकातून कागदाचं तीन मजली देऊळ उभं राहायचं. ते परत मिटायला मात्र तिच्या आईला शाळेत बोलवावं लागे. गोष्ट सगळ्यांची एकच. ससा हरवतो, ससा सापडतो.

पेइ-यिनचं पुस्तक तेवढं पेइ-यिननंच केलं होतं. तिच्या घरच्यांना वेळ नव्हता. स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचं टर्की-भाताचं दुकान आहे. गरम भात, वर टर्की पक्ष्याच्या मांसाच्या पट्ट्या, वितळलेली चरबी आणि तळलेला कांदा. मी एकटा राहतो, त्यामुळे माझं संध्याकाळचं जेवण तिथंच.

तिच्या पुस्तकात लिहिलं होतं: पात्रं, माझे आजोबा आणि माझे बाबा. ठिकाण, आमचं दुकान. अडचण, ते एकमेकांशी बोलत नाहीत. कळसाच्या पानावर चित्र होतं. आजोबा तळलेल्या कांद्याचं पाकीट गटारात ओततायत आणि बाबा तोंड वासून बघतायत.

हे सगळं खरं होतं. म्हाताऱ्या चुआंग आजोबांनी सगळा जन्म कांदा स्वतः चिरून, स्वतः तळला. त्यांच्या मुलानं, मिंग-तुंगनं, दुकान हातात घेतलं आणि तयार तळलेला कांदा विकत आणायला सुरुवात केली. ते पाकीट गटारात गेलं, त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. एकाच गल्ल्यावर बसायचे, एकाच भांड्यातलं खायचे, पण निरोप पेइ-यिनमार्फत.

पाचवं पान कोरं होतं.

"पेइ-यिन, उकल कुठाय?" त्वान बाईंनी विचारलं.

"झालीच नाहीये बाई अजून."

"मग विचार कर आणि लिही."

"मी विचार करून कशी होईल? बोलायचं त्यांनी आहे ना."

"ते मला सांगू नकोस. शुक्रवारपर्यंत उकल पाहिजे. नाहीतर पुस्तक टेबलावर ठेवणार नाही."

त्या संध्याकाळी माझ्या तोंडात पहिला घास होता. पेइ-यिन गल्ल्यापाशी जाऊन उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "आजोबा, शुक्रवारच्या आत तुम्ही बाबांशी बोलाल का? शाळेत पाहिजे."

"तुझ्या बापाला सांग, आधी तो विकतचा भुसा बंद कर म्हणावं."

हातभर अंतरावर मिंग-तुंग मांस कापत होता. "आजोबांना सांग, टोपलीभर कांदा चिरून डोळ्यांची वाट लावून घ्यायला मला हौस नाही."

तिची आई स्यू-छिन भांडी विसळता विसळता वैतागली. "अगं, लिहून टाक ना बोलले म्हणून. मिटवून टाक एकदाचं."

"पण नाही ना बोलले."

"गोष्ट आहे ती! गोष्टीत कुठं खरं लिहितात?"

"मग मी काय ससा लिहू?"

शेवटी तिनं पाचव्या पानावर दोनच शब्द लिहिले, 'अजून नाही', आणि पुस्तक देऊन टाकलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्वान बाई दाताखाली दोरा धरून काहीतरी उसवत बसल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काही नाही हो. एका मुलीच्या पुस्तकावरून जरा हात फिरवतेय."

हात असा फिरला, की पाचवं पान गेलं आणि त्याच्या जागी नवं आलं.

प्रदर्शनाला गर्दी मोठी. चुआंग आजोबा आणि मिंग-तुंग दोघंही आले, मधल्या खुर्चीवर स्यू-छिनला बसवून. अधिकारीसाहेबांना दिव्यांची पुस्तकं प्रत्येक शाळेत दाखवली जात असणार. त्यांनी जांभई दाबत टेबलावरून हात फिरवला आणि नेमकं वाकड्या शिलाईचं ते पुस्तक उचललं. चार पानं वाचून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माईक मागितला आणि पाचवं पान मोठ्यानं वाचलं.

"मग एके दिवशी आजोबा अंथरुणाला खिळले. बाबांनी रडत रडत त्यांच्यापुढे गुडघे टेकले. आजोबांनी थरथरत्या हातांनी त्यांना मिठीत घेतलं. दोघांच्या अश्रूंत सारा राग वाहून गेला."

टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथं पेइ-यिनला आणि बापलेकांना मंचावर बोलावलं आणि फोटोवाल्याला खूण केली. "घ्या ना आजोबा, मुलाला मिठीत घ्या! लाजताय काय?"

आजोबांच्या तोंडासमोर माईक आला. "मी कधी पडलो आजारी?" त्यांचा आवाज सभागृहभर घुमला.

"आणि मी कधी रडलो?" मिंग-तुंग म्हणाला.

आजोबांनी मान वळवली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा थेट मुलाकडे बघितलं. "रडला होतास काय रे?"

"छे हो! तुम्ही होतात का आजारी?"

"मला साधी सर्दी नाही झाली!"

"गुडघे टेकले म्हणे. कुणी बघितलं?"

"हे पान माझं नाही," पेइ-यिन मधेच म्हणाली. "अक्षर बघा ना, बाईंचं आहे."

त्वान बाई पडद्याच्या दोरीसारख्या ताठ उभ्या होत्या. पण अधिकारीसाहेब खूश. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. "वा! नाट्यरूपांतरही करून घेतलंत?" ते म्हणाले, आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

त्या संध्याकाळी दुकानात शिरलो, तर बापलेक डोक्याला डोकं लावून बोलत होते.

"ती बाई मला अंथरुणावर पाडते! जिवंत माणसाला!"

"बाबा, तिनं आपल्या दुकानात कधी पाऊल तरी टाकलंय का?"

"टाकू दे की. भात देऊ नकोस तिला."

"देतो की. विकतचा कांदा घालून देतो."

म्हातारा हसला. स्यू-छिनच्या हातून वाडगा निसटता निसटता राहिला.

बरेच दिवस हा विषय पुरला. मग बाईंना घालायच्या शिव्या संपल्या आणि गाडी पुन्हा कांद्यावर आली. आता दोघं रोज भांडतात, समोरासमोर, खणखणीत आवाजात. गिऱ्हाइकं बिचारी मान खाली घालून भात गिळतात. "आधी निदान शांतता तरी होती," स्यू-छिन मला म्हणाली. पण माझ्या भातावर कधी घरचा कांदा असतो, कधी विकतचा. सकाळच्या भांडणात कोण जिंकलं यावर ते ठरतं.

त्वान बाईंना उपक्रमाबद्दल जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. आता त्या गावोगावच्या शिक्षकांना प्रशिक्षण देतात. 'गोष्टीच्या पाच घटकांतून कुटुंबं जोडूया' हा त्यांचा विषय. पडद्यावर फोटो असतो चुआंग आजोबांचा, माईकसमोर तोंड उघडं, डोळे वटारलेले. त्यांचा कंठ दाटून आला तो क्षण, असं बाई सांगतात.

त्या सत्राच्या शेवटी पुस्तकांचे गुण जाहीर झाले. पेइ-यिनला उकलीचे पैकीच्या पैकी मिळाले आणि बांधणीचे कापले गेले. शेरा होता, 'कणा सैल, पानं सुटतात.'

ती पुस्तक घेऊन बाईंकडे गेली. "बाई, कणा तर तुम्हीच उसवलात."

बाईंनी वहीतून मान वर केली नाही. "घट्ट शिवला असतास, तर उसवला असता का?"