कोरा पिंजरा

लेनोरानं अंगठ्याच्या नखानं बग्गीच्या पिंजऱ्याचा रंग खरवडून पाहिला. खडखडीत वाळलेला. फिरोजी, अगदी तिच्या आवडीचा.

"आवडला का?" तिच्या नवऱ्यानं, वेंडलनं, गॅरेजच्या दारातून विचारलं. त्याच्या दोन्ही हातांत कॉफीचे मग होते आणि आत यावं की नाही हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

"रंग कुणी दिला?"

"मीच. म्हटलं, बाईसाहेब कामावरून येतील तोवर बग्गी नवरीसारखी सजवून ठेवू."

"वेंडल, पहिल्या चढाईआधी पिंजऱ्याला कुणी रंग देतं?"

त्यानं दोन्ही मग खाली ठेवले.

ब्लूमफिल्डमध्ये ज्या ज्या गॅरेजात अशा खडक चढणाऱ्या मोटार-बग्ग्या जन्माला येतात, तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पिंजरा म्हणजे चालवणाऱ्याभोवतीची पाईपांची चौकट. खडकावरून बग्गी उलटली की जीव तीच राखते. म्हणून पहिल्या चढायांना पिंजरा कोरा न्यायचा, उघड्या पोलादाचा. कुठे जोड तडकला, तर रात्रीच्या दवानं तिथे गंजाची बारीक रेघ उमटते आणि सकाळी ती दिसते. रंगाखाली दिसत नाही. ज्याला काही झाकायचं असतं तोच आधी रंगवतो.

उद्या सकाळी दरीत पहिली चढाई होती. चालवणार लेनोरा. वेंडल पुढे खडकावर उभा राहून, हातवारे करत, चाक कुठे ठेवायचं ते दाखवणार.

तिनं फळीवरून रंग काढायचं द्रावण घेतलं, एक चिंधी घेतली.

"काय झाकलंयस?"

"माझं वेल्डिंग. कोंबडीनं उकरल्यासारखं असतं म्हणतेस ना, मग झाकलं." तो हसला. एकटाच हसला.

डोक्यावरच्या आडव्या पाईपाच्या जोडावर तिनं चिंधी दाबून धरली. रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. तिनं तो पुसून काढला आणि खालचा जोड उघडा झाला. बारीक अर्धचंद्र, एकाला एक बिलगलेले, सगळे किंचित उजवीकडे कललेले. आई एम्पनाडाच्या कडेला करंजीसारखी मुरड घालायची, तशी ओळ.

लेनोरानं चिंधी खाली ठेवली. अशी मुरड घालणारा हात सगळ्या जिल्ह्यात एकच होता. त्याच हातानं तिला वेल्डिंग शिकवलं होतं, पण तिला ती मुरड कधी जमली नव्हती.

अंगणाच्या टोकाला, जर्दाळूच्या झाडामागे, चाकं काढून विटांवर बसवलेलं गाडीघर होतं. तिथे तिचे बाबा राहत. यूसेबिओ अर्चुलेटा. मागच्या बग्गीचा पिंजराही त्यांनीच जोडला होता. शेवटचा जोड भरला तो मार्चमधल्या एका दुपारी. वारा असा सुटला होता की अंगणातली बादली गडगडत रस्त्यावर गेली. वेल्डिंग होताना जोडावर गॅसची फुंकर असते. वाऱ्यानं ती उडाली की पोलादात बुडबुडे राहतात, वरून गुळगुळीत आणि आतून आंबोळीसारखी जाळी. पुढच्याच चढाईत बग्गी कुशीवर पडली आणि डावीकडचा पुढचा खांब बुडापासून निखळला. लेनोराच्या डाव्या हाताची करंगळी गेली, शेजारचं बोट गेलं.

त्या दुपारी उकडतंय म्हणून गॅरेजचं दार लेनोरानंच वर केलं होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघांपैकी कुणी ते कधी बोललं नाही. मग बाकीचंही बोलणं हळूहळू आटलं. चिली मिरचीचा रस्सा केला की ती वाटी वेंडलच्या हातून पाठवायची आणि रिकामी वाटी त्याच्याच हातून परत यायची.

"किती जोड त्यांचे?" तिनं विचारलं.

"सगळे."

"सगळे?"

"पाईप मी वाकवले. कच्चे टाके मारून ठेवायचो. तू पाण्याचा टँकर घेऊन तेलाच्या विहिरींवर गेलीस की ते मागच्या दारानं यायचे. म्हणायचे, तिला सांगू नकोस, कळलं तर बग्गीत बसायची नाही."

"बरोबर म्हणायचे."

"आणि माझ्या वेल्डिंगवर बसली असतीस? खरं सांग."

उत्तर तिला माहीत होतं आणि राग त्याचाच आला होता. ती डाव्या पुढच्या खांबापाशी उकिडवी बसली आणि बुडाच्या जोडावर चिंधी लावली.

इथेही तीच मुरड होती. पण तिच्याभोवती पोलाद निळं पडलं होतं, निळ्याबाहेर जांभळं, त्याबाहेर तपकिरी. वळ्यात वळं. पारव्याच्या मानेवर असतात तसे रंग वीतभर वर चढले होते. तिनं उरलेल्या तीन बोटांनी पाईप चाचपला. जोडाच्या जरा वर तो कंबरेसारखा आत गेला होता.

"हा किती वेळा भरला?"

"कोण मोजतंय. बाकीचे एका दमात केले. हा भरायचे, वाकून बघायचे, ग्राइंडरनं उडवायचे, पुन्हा भरायचे. मी म्हटलं, पुरे आता. तर म्हणाले, इथंच तुटलं होतं." वेंडलनं मान खाली घातली. "ते डाग दिसले असते तुला. म्हणून रंग."

"मी यात बसून उलटले तर हा पहिल्या दणक्यात सुटेल."

"इतकं करून?"

"इतकं केलं म्हणूनच. घासून घासून पाईप पातळ झालाय. वरून एवढा ताप सोसून पोलाद ठिसूळ झालंय."

लेनोरानं चष्मा चढवला, ग्राइंडरला कापायची चकती लावली आणि बटण दाबलं.

ठिणग्यांचा पट्टा गॅरेजभर उडाला. गाडीघराच्या खिडकीतला पडदा हलला, मग दार उघडलं. यूसेबिओ अंगण ओलांडून गॅरेजच्या दाराबाहेर येऊन थांबले, टोपी हातात धरून. तिथून ती काय कापते आहे ते दिसत होतं. ती थांबली नाही. कापलेला तुकडा फरशीवर पडला आणि उतारानं घरंगळत दाराबाहेर गेला, थेट त्यांच्या बुटांपर्यंत.

त्यांनी तो टोपीत धरून उचलला. पाईपाच्या तोंडातून आत पाहिलं. कडेवरून बोट फिरवलं. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"पातळ केला मी," ते म्हणाले.

"हो."

"दर वेळी वाटायचं, आत बुडबुडा राहिला." त्यांनी तुकडा उलटा करून दुसऱ्या तोंडातून पाहिलं. "चांगलं केलंस. कापलंस ते."

तुकडा त्यांनी उंबऱ्याशी अलगद ठेवला, निजलेल्या पोराला ठेवावं तसा, आणि वळले.

वेंडल हळूच म्हणाला, "उद्याचं राहू दे. बरोबरच्या पोरांना कळवतो."

लेनोरानं नवा पाईप मापला, कापला, दुसऱ्या पाईपावर बसेल असं त्याचं तोंड कोरलं, जागेवर उभा करून पाहिला. फट राहिली नाही. यूसेबिओ झाडाखाली रेंगाळले होते, आता गाडीघराकडे निघाले.

"बाबा."

ते थांबले. वळले मात्र नाहीत.

"पाईप मी धरते. भरायला जमणार नाही, या हातात वेल्डिंगची बंदूक स्थिर राहत नाही."

"वेंडल आहे की."

"वेंडलचं काम कोंबडीचं."

"ए!" वेंडल म्हणाला. "मी इथंच उभा आहे म्हटलं."

यूसेबिओ वळले. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि विझलं. "चुकलं तर?"

"बसणार मी आहे. एकदाच भरायचं, बाबा. एक फेरा. मग हात काढायचा."

यूसेबिओ आत आले. वारा वाढला होता. अंगणातली धूळ आत येऊन फरशीवर सरकत होती. लेनोरा उठली, दोन्ही हातांनी गॅरेजचं दार ओढून पार खाली आणलं आणि खालच्या फटीत जुनं पोतं कोंबलं. यूसेबिओ तिच्याकडे पाहत होते.

"उकडेल," ते म्हणाले.

"उकडू दे."

ती खोकं उलटं करून त्यावर बसली, मास्क घातला आणि तीन बोटांनी पाईप धरला. बाबांनी आपला मास्क खाली ओढला. त्यांच्या बंदुकीचं टोक जोडाजवळ आलं आणि हवेतच थबकलं. तिला ते दिसलं. तिनं पाईप जरा अधिक घट्ट धरला, एवढंच.

मग उजेड फुटला. तापल्या तुपात फोडणी पडावी तसा आवाज, एकसारखा, न तुटता. तिचा हात त्या उजेडापासून वीतभरावर होता. आवाज जोडाला वळसा घालत गेला, मागून फिरून आला, जिथून निघाला तिथे टेकला आणि थांबला.

यूसेबिओंनी मास्क वर केला. वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्यांचा डावा हात आपसूक मागे जाऊन टेबलावर चाचपू लागला.

"काय हवंय?" लेनोरानं विचारलं.

"काही नाही."

तरी हात चाचपतच होता.

"ग्राइंडर ना? या खोक्याखाली आहे. आणि मी काही उठत नाही."

वेंडलला हसू फुटलं, त्यानं ते कॉफीत बुडवलं. यूसेबिओ हसले नाहीत. त्यांनी तो हात मागे घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर दुसरा हात ठेवून दाबून धरला.

जोड टिकटिक करत निवत होता. गॅरेज भट्टीसारखं तापलं होतं, पण दाराशी कुणी गेलं नाही. पाईप आता आपल्या बळावर उभा होता. लेनोरानं तो तरीही सोडला नव्हता.

"डबा आणू का?" वेंडलनं विचारलं. "थोडा रंग उरलाय."

"नको," ती म्हणाली. "एवढा कोरा राहू दे."